तहान मोजणारं झाड

पुरंदरच्या माळावर पीच पिकतं, ही गोष्ट पहिल्या वर्षी फळसंशोधन केंद्राच्या वॉचमननेसुद्धा मानली नव्हती. "मॅडम, बाजारातनं आणून बांधल्यात का वो?" असं त्याने तोंडावरच विचारलं होतं. विभावरी कामथे त्यावर रागावली नाही. फळांनी वाकलेली फांदी तिने त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "तूच तोड, तूच खा. मग सांग कुठल्या बाजारात मिळतं ते." त्याने तोडलं, खाल्लं, कोपरापर्यंत ओघळलेला रस बाहीला पुसला आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला.

त्यानंतर पाच बहार झाले. बहाराच्या दिवसांत आता दिवे घाटाच्या पलीकडून लोक गाड्या काढून झाडं बघायला येत. आणि विभावरी, केंद्राची मुख्य शास्त्रज्ञ, त्या झाडाचं वर्णन लिहायला बसली होती.

नवं वाण नोंदवायचं तर ते सरकारदरबारी शब्दांत उभं करावं लागतं. नुसतं गोड आहे, देखणं आहे म्हणून भागत नाही. ज्याने हे झाड जन्मात पाहिलेलं नाही त्याला ते हजार झाडांतून ओळखता आलं पाहिजे. म्हणून झाडाची ठेवण, पानाची लांबी, पानाच्या देठावरच्या बारीक ग्रंथींचा आकार, फुलाचा रंग, फळाची शिवण, लव, गर, कोय, सगळं ओळीने लिहायचं.

"'फांद्या ओंजळीसारख्या वर उघडणाऱ्या'," विभावरीने वाचून दाखवलं.

"मॅडम, ओंजळ नाही चालणार," फरीदा मुलाणी हसत म्हणाली. फरीदा तिची सहकारी. पंधरा वर्षांनी लहान आणि नियमांना पक्की. "'पेल्याच्या आकाराची ठेवण' असा शब्द ठरलेला आहे."

"पेला तर पेला." विभावरीने खोडलं आणि पुढे लिहीत गेली. फळ गोल, टोक जवळजवळ नाहीच. शिवण देठापासून टोकापर्यंत ठळक. सालीचा मूळ रंग सायीसारखा, उन्हाकडच्या बाजूला गडद लाली. लव आखूड आणि मऊ. गर पांढरा, कोयीजवळ लालसर, कोयीपासून सहज सुटणारा. मग वास. वासासाठी नुसत्या तीन चौकटी होत्या: नाही, मंद, तीव्र. तिने 'तीव्र'वर खूण केली आणि झाडावर अन्याय केल्यासारखी उगीच खिडकीबाहेर बघत राहिली.

वाणाचं नाव तिने ठेवलं होतं 'तृषा'. त्यामागे कारण होतं.

पीच हे मुळात थंडीचं झाड. हिवाळा आला की ते पानं टाकतं आणि झोपी जातं. ही झोप म्हणजे नुसती सुस्ती नव्हे. प्रत्येक कळीच्या आत काही जनुकं पहारेकऱ्यांसारखी जागी असतात आणि कळीला उमलू देत नाहीत. बाहेर जितकी थंडी पडेल तितक्या त्या जनुकांवर रासायनिक खुणा चढत जातात आणि त्या खुणांखाली पहारेकरी एकेक करून गप्प होतात. सगळे गप्प झाले, की झाडाच्या लेखी हिवाळा सरला. मग जरा ऊब लागली की फुलं. थोडक्यात, झाड थंडी मोजतं. मोजणी अपुरी राहिली तर अर्धवट झोपेतून उठवलेल्या माणसासारखी त्याची गत होते. इकडे चार फुलं, तिकडे दोन पानं, बाकी कळ्या गळून मातीत.

उष्ण प्रदेशासाठी आजवर जी वाणं निघाली, त्यांत पहारेकरीच कमी केलेले होते. ती झाडं लवकर फुलत, पण मनाला येईल तेव्हा फुलत, आणि फळ लिंबाएवढं धरत. विभावरीने पहारेकऱ्यांना हात लावला नाही. तिने मोजायची गोष्टच बदलली.

पुरंदरात वाढलेल्या मुलीला बहार कसा धरतात ते शिकवावं लागत नाही. अंजिराचं, डाळिंबाचं पाणी शेतकरी तोडतो, बागेला ताण देतो. पानं झडतात, झाड विसावतं. मग पाणी सोडलं की बाग एकसारखी फुटते. तहानलेली मुळं एक संप्रेरक तयार करतात आणि ते थेट शेंड्यापर्यंत पाठवतात. खुणा चढवणारी यंत्रणा विभावरीने या संप्रेरकाला जोडून दिली. त्यात तिची उमेदीची वर्षं गेली. आता कळी थंडीऐवजी तहान मोजत होती. दसऱ्याला पाणी तोडायचं, मार्गशीर्षात सोडायचं, पौषात फुलं आणि होळीनंतर फळं. जिथे हिवाळ्यात स्वेटरही लागत नाही, अशा माळावर.

या झाडाचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे.

*

तिची मुलगी रेवा सोलनला फलोद्यानशास्त्र शिकायला गेली आणि तिकडचीच झाली. रेवाचे बाबा ती कॉलेजात असतानाच गेले होते, त्यामुळे लग्नात विभावरीला एकटीलाच सगळं निभवावं लागलं. सिरमौरच्या डोंगरात भराडधार नावाचं गाव. नवऱ्याचं नाव तरुण, आणि सासरे हेतराम ठाकूर. ठाकुरांच्या घरात तीन पिढ्या पीचच्या बागा. तिकडे पीचला आडू म्हणतात. लग्नाच्या पंगतीत हेतराम आपल्या पहाडी हिंदीत विहीणबाईंना म्हणाले होते, "समधनजी, आंब्यापुढे आम्ही हात जोडतो. पण आडू खायचा तर थंडीत कुडकुडावं लागतं."

विभावरी तेव्हा हसली होती. पुढे सहा वर्षांत डोंगरातली थंडी वितळत गेली. निम्मे हिवाळे कोरडे, उरलेले कोमट. हेतरामांच्या झाडांना पुरेशी थंडी मोजताच येईना. कळ्या गळू लागल्या, फळ विरळ झालं.

"आई, बाबूजी बाग तोडायला निघालेत," रेवा एका सकाळी फोनवर म्हणाली. "टोमॅटो लावायचं म्हणतात. रोज कुऱ्हाडीला धार लावतात आणि परत ठेवून देतात. मला बघवत नाही."

"कळतंय गं."

"मग तुझी रोपं दे ना."

विभावरीला हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. "रेवा, ते झाड माळासाठी आहे. इथे पाणी माझ्या हातात असतं. तुमच्याकडे ते आभाळाच्या हातात. पौष-माघात तुमच्याकडे पाऊस होतो. झाडाला वाटेल, कुणीतरी बहार धरला. आणि फुललं की मागून दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडलं तर?"

"पडेल किंवा नाहीही पडणार. इथे एरवी काय उरणार आहे? साऱ्या देशात तुझ्या झाडाचं नाव होणार. आणि माझ्या सासरी मी काय सांगू? माझ्या आईकडे तुमच्यासाठी काही नाही?"

शास्त्रज्ञाचं उत्तर नाही असंच होतं. पण उत्तर आईने दिलं. त्या पावसाळ्यात तीस रोपं आणि कलमासाठी काड्यांची एक जुडी भराडधारला रवाना झाली.

रोपं जोमाने वाढली. पहिला हिवाळा फुलांविनाच गेला. त्यांचं वय नव्हतं. दुसऱ्या हिवाळ्यात, पौषात, दोन दिवस पाऊस झाला आणि पुढे आठवडाभर लखलखीत ऊन पडलं. एके सकाळी रेवाने फोटो पाठवला. उजाड डोंगरउतारावर तीस गुलाबी झाडं, त्यांच्यामध्ये टोपी तिरकी करून उभे हेतराम, आणि भोवती अख्खं गाव. ठाकुरांनी घरोघरी शिरा वाटला होता. 'बाबूजी सगळ्यांना सांगताहेत, माझ्या समधनने बनवलंय,' असं रेवाने खाली लिहिलं होतं.

फोटो पाहून फरीदाने टाळ्या वाजवल्या. विभावरी मात्र तो हातात धरून खुर्चीत बसून राहिली. फुलं फार लवकर आली होती.

आठवड्याच्या आत रेवाचा फोन आला. तिचा आवाज सपाट होता. "दहिवर पडलं. सगळं काळं झालंय, आई. एक पाकळी गुलाबी नाही."

"ठाकूरसाहेब कसे आहेत? त्यांना दे जरा."

"ते बोलणार नाहीत. कुणाशीच काही बोलत नाहीत. गावात लोक विचारतात, ते नुसते मान हलवतात." आणि मग रेवाचा बांध फुटला. "मी सांगितलं होतं त्यांना, घाबरू नका, माझ्या आईचं झाड आहे."

त्या एका वाक्याने विभावरीला जे झालं, ते कुठल्या परिसंवादातल्या टीकेने कधी झालं नव्हतं.

*

फाल्गुन लागायच्या आधीच ती भराडधारला पोचली. होळीनंतरच्या आठवड्यात केंद्रावर परीक्षक यायचे होते. माळावरची फळं तेव्हा तयार होणार, ते येऊन झाडं बघणार, अर्जातल्या वर्णनाशी ताडून पाहणार आणि 'तृषा' नोंदवलं जाणार. त्याआधी चार दिवस मुलीकडे जाऊन येते, एवढंच तिने संचालकांना सांगितलं होतं.

हेतरामांनी पाहुणचारात कसूर केली नाही. चहा आला, अक्रोड आले, शेकायला शेगडी आली. पण ते तिच्या नजरेला नजर देत नव्हते. संध्याकाळच्या आत त्यांनी स्वतःच तिला बागेत नेलं. तीस झाडांच्या काड्यांवर करपलेली फुलं तशीच चिकटून होती.

"झाड देखणं आहे, समधनजी," ते म्हणाले. "फक्त भाबडं आहे. कुणीही हाक मारली की दार उघडतं."

विभावरीने एकेक झाड पाहिलं, वही न काढता, आणि दोघं परत अंगणात आली. अंगणात त्यांचं जुनं झाड होतं, त्यांच्या वडिलांनी रानटी आडूच्या मुळावर कलम बांधून वाढवलेलं. खोड दोन हातांच्या कवेत मावणार नाही एवढं. थंडी न मिळाल्याने तेही यंदा मुकं उभं होतं. त्याच्या एका फांदीला कलमाची जुनी पट्टी गुंडाळलेली विभावरीला दिसली.

"हे काय?"

"तुमच्या जुडीतल्या बाकी काड्या वाटेतच वाळल्या, एक उरली होती. फेकवेना, म्हणून त्या वर्षी इथे बांधली. वाळली ती. तिला फूलसुद्धा आलं नाही. तरुणला सांगितलंय, काढून टाक."

विभावरीने फांदी खाली ओढली. नखाने साल किंचित खरवडली. आत हिरवं होतं. तिने कळी चिमटीत धरली. कळी टपोरी, घट्ट आणि जिवंत होती.

"ठाकूरसाहेब, ही वाळलेली नाही. ही झोपलीय."

"अजून?"

"अजून."

रेवा दारात येऊन उभी राहिली होती. विभावरी स्वतःशीच बोलावं तशी बोलू लागली, "काडी तीच. वाण तेच. पाऊस तोच, ऊन तेच, वीस पावलांवरचं. ती तीस जागी झाली आणि ही एक झोपून राहिली. का?"

"जुनं झाड आहे, म्हणून?" रेवाने विचारलं.

"जुनं म्हणजे काय? काय आहे त्याच्याजवळ जे रोपांजवळ नाही?" तिची नजर खोडावरून खाली उतरली आणि मातीवर थांबली. "रेवा, फावडं आण."

साठीला टेकलेल्या बाईने साडीचा पदर खोचून अंगण खणायला घेतलेलं पाहून शेजारच्या गच्चीवरच्या बायका बघत राहिल्या. हेतरामांनी तिच्या हातून फावडं काढून घेतलं आणि स्वतः खणायला लागले. वरची वीतभर माती ओली, काळी होती. त्याखाली हात घातला तर माती भुसभुशीत, कोरडी ठाक. कंबरेएवढा खड्डा झाला तरी कोरडीच, आणि त्या कोरड्या मातीत जुन्या झाडाचं मनगटाएवढं मूळ सरळ खाली गेलेलं. मग त्यांनी एका रोपाशी खणलं. त्याची मुळं वरच्या ओल्या थरातच जाळीसारखी पसरलेली होती.

विभावरी खड्ड्याच्या काठावर मटकन बसली. तिला हसू फुटलं.

"मी इतकी वर्षं कळीकडे बघत राहिले," ती म्हणाली. "तहान कळी मोजतच नाही, रेवा. कळी नुसती ऐकते. मोजतं ते मूळ. मी माळासाठी कलमाखालचा खुंट उथळ मुळाचा निवडला, ठिबकला पटकन जागा होणारा. त्याला दोन दिवसांचा पाऊस म्हणजे बहार वाटला. या म्हाताऱ्याचं मूळ खाली आहे. वरचा पाऊस त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. ते शेंड्याला सांगतंय, थांब, अजून तहान आहे."

"मग ते उठणार कधी?" हेतरामांनी विचारलं.

"वरच्या डोंगरधारेवरचा बर्फ वितळून पाणी खोल मुरतं कधी तुमच्याकडे?"

"होळीच्या सुमाराला."

"आणि दहिवर?"

हेतरामांनी फावडं भिंतीला टेकवलं. पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "दहिवर तोपर्यंत संपतं, समधनजी."

*

चार दिवस संपले तरी विभावरी निघाली नाही. संचालक पेंढारकरांचा फोन आला. ते वाईट माणूस नव्हते. केंद्र त्यांनी पडत्या काळात तगवलं होतं.

"कामथे मॅडम, परीक्षक येताहेत आणि तुम्ही डोंगरात? वर्णन तुमचं, झाड तुमचं. समजावून कोण सांगणार?"

"सर, मी अर्ज मागे घ्यायचं म्हणतेय."

"काय बोलताय तुम्ही?"

"जे झाड मी लिहिलंय ते अर्धंच आहे. 'झोप पाण्याच्या ताणावर अवलंबून' असं मी लिहिलं. ती कुठल्या मुळाच्या ताणावर, ते मला माहीत नव्हतं. आता अंदाज आलाय. रानटी आडूच्या मुळावर नवी रोपं बांधून, इथे आणि माळावर, दोन्हीकडे तपासायला हवीत."

"किती वर्षं?"

"तीन तरी."

"तीन वर्षांत तुम्ही निवृत्त व्हाल. आणि ऐका. परदेशातली एक कंपनी तहानेवरचंच झाड घेऊन येतेय. पक्की बातमी आहे. ते आधी आले तर तुमच्या झाडाला जग दुसरं म्हणेल. आज माळावर ते उत्तम पिकतंय ना? मग नोंदवा. डोंगराचं डोंगराला बघू."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. विभावरीने डोळे मिटले. वाणाच्या नोंदीत पहिलं नाव आपलं, हे स्वप्न तिने किती काळ सांभाळलं होतं ते तिचं तिलाच ठाऊक होतं.

"सर, माळावरही आता अवकाळी पडतोच," ती म्हणाली. "पाच वर्षं आपलं नशीब चांगलं, ताणाच्या महिन्यात पडला नाही. ज्या वर्षी पडेल त्या वर्षी मी कुणाकुणाच्या बागेत जाऊन सांगू, की हे मला आधीच कळलं होतं?"

"तुम्ही हट्टी आहात."

"हो. आजवर ते केंद्राच्या उपयोगी पडलंय."

पेंढारकर नाइलाजाने हसले. अर्ज मागे घेतला गेला. फरीदाने फोनवर एकच विचारलं, "मॅडम, मुळामुळेच आहे की झाडाच्या वयामुळे, हे कसं ठरवणार?" आणि विभावरीला बरं वाटलं, की आपल्यामागे नीट शंका घेणारं माणूस आहे. "रानटी बियांची कोवळी रोपं करू," ती म्हणाली. "कोवळ्या खुंटाचं मूळही खाली जातं का, आणि त्यावरची काडी वरच्या पावसाला दाद देते का, ते बघू. नाही दिली, तर वय नाही, मूळच."

होळीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी रेवाने तिला हात धरून अंगणात ओढलं. जुनं झाड तसंच उघडं उभं होतं, एक पान नाही, एक फूल नाही. आणि त्या राखाडी पसाऱ्यात ती एकच फांदी टोकापासून बुंध्यापर्यंत गुलाबी झाली होती. मधमाश्या दुसरीकडे कुठे जायचंच नाही असं ठरवून आल्यासारख्या तिच्यावर तुटून पडल्या होत्या.

हेतराम झाडाखाली उभे होते, टोपी हातात घेऊन. रेवा त्यांच्या शेजारी गेली. त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि कुऱ्हाड उचलून माळ्यावर टाकून दिली.

*

परदेशी वाण पुढच्याच वर्षी आलं. मोठ्या जाहिराती झाल्या. पेंढारकरांनी त्या विभावरीच्या टेबलावर ठेवल्या. पहिल्या हंगामात त्या वाणाची लागवड नाशिकपासून सांगलीपर्यंत झाली. विभावरी या काळात माळ आणि डोंगर यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होती. रानटी आडूच्या कोयी हेतरामांनी रानातून गोळा करून दिल्या, त्या केंद्रावर उगवल्या. त्यावर फरीदाने 'तृषा'चे डोळे भरून कलमं केली, निम्मी रोपं उत्तरेला गेली. लोक विचारत, "तुमचं झाड कधी येणार?" ती म्हणे, "मूळ धरतंय."

मग ती निवृत्त झाली. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. टेबल फरीदाला मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी विभावरी नेहमीच्या वेळी केंद्रावर हजर झाली आणि झाडांच्या ओळीत जाऊन उभी राहिली. वॉचमनने फाटक उघडताना काही विचारलं नाही.

त्याच वर्षी ऐन ताणाच्या महिन्यात माळावर अवकाळी पाऊस झाला. परदेशी वाणाच्या बागा त्रिपुरी पौर्णिमेच्या दिव्यांबरोबर फुलल्या, आणि पाठोपाठ आलेल्या दुसऱ्या सरींनी ती फुलं झोडपून मातीत घातली. केंद्रावरच्या ओळीत विभावरी आणि फरीदा भर पावसात छत्री धरून कळ्या तपासत फिरत होत्या. जुन्या, उथळ खुंटावरची 'तृषा'ही फुलली होती. नव्या खुंटावरची कोवळी झाडं मात्र शांत होती. वरची माती चिखल झालेली, आणि खाली मुळांच्या टोकाशी ती अजून कोरडी.

"मूळच, मॅडम," फरीदा म्हणाली.

"मूळच," विभावरी म्हणाली, आणि दोघींनी भिजत एकमेकींना मिठी मारली.

परीक्षक आले ते होळीनंतर माळावर, आणि ज्येष्ठात डोंगरावर. वर्णन विभावरी आणि फरीदा दोघींनी मिळून नव्याने लिहिलं होतं. त्यात एक ओळ जास्त होती, वाण कुठल्या मुळावर बांधायचं याची, आणि पैदासकार म्हणून दोन नावं होती. पेंढारकरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "तुम्ही दुसऱ्या आलात, कामथे मॅडम. पण उभ्या तुम्हीच राहिलात."

*

नोंदणीचं पत्र आलं त्या वर्षीचा ज्येष्ठ विभावरीने भराडधारलाच काढला. ती तीस करपलेली झाडं जमिनीलगत कापून त्यांच्या जागी नव्या खुंटावरची लावली होती. शेजारच्या उतारांवर आणखी शेकडो. खाली सडकेवर ठाकुरांनी पत्र्याची शेड घातली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या थांबत.

ती शेडमागे पेट्यांत फळं भरत बसली होती. पुढे हेतराम चंदीगडच्या एका गिऱ्हाइकाशी बोलत होते, आणि त्यांचा आवाज तिच्यापर्यंत येत होता.

"हात लावून बघा आधी. लव आहे की रेशीम? ही शिवण बघा, देठापासून सरळ खालपर्यंत, शिंप्याने घातल्यासारखी. आता दोन्ही अंगठ्यांनी दाबा. उघडलं? कोय बघा कशी हातात आली, जरासुद्धा गर लागलेला नाही. आत पांढरं, कोयीपाशी लाल. आणि वासाचं मला विचारू नका. पेटी गाडीत ठेवा आणि काचा बंद करून घरी जा, बायको दारातच विचारेल काय आणलंत."

विभावरीच्या हातातलं फळ हातातच राहिलं. तिने फळाबद्दल लिहिलेले मुद्दे तो माणूस ओळीने बोलून दाखवत होता. फक्त वासासाठी त्याला तीन चौकटी पुरल्या नव्हत्या.

"जात कुठली ही?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"समधन."

विभावरी पेटी सोडून पुढे आली. "अहो ठाकूरसाहेब, त्याचं नाव 'तृषा' आहे. सरकारी नोंद झालीय तशी."

"नोंदीत असू दे की," हेतराम म्हणाले. "इथे नदीपासून वरच्या धारेपर्यंत कुणालाही विचारा, सगळे समधनच म्हणतात. राजगढच्या बाजारात पाटी लागलीय. आता मी एकटा काय बदलणार?"

"असलं कसलं नाव!" गिऱ्हाईक हसलं. "कुणाची समधन?"

हेतरामांनी छाती पुढे काढली. "माझी," ते म्हणाले आणि दोन्ही हात पसरून त्यांनी विभावरीकडे दाखवलं. "ही. हिनेच केलंय हे झाड."

गिऱ्हाइकाने हातातलं अर्धं फळ शेडच्या फळीवर ठेवलं, रसाने चिकट झालेले हात जोडले आणि वाकून नमस्कार केला. विभावरीने आयुष्यात पुष्कळ सत्कार घेतले होते, तेही शांत चेहऱ्याने. पण आता आपल्या हातांचं काय करावं हेच तिला उमगेना. गिऱ्हाइकाची पेटी उचलायला रेवा धावली. "राहू दे गं, मी ठेवते," विभावरी म्हणाली, आणि ती जड पेटी दोन्ही हातांनी उचलून, ताठ मानेने चालत, तिने स्वतः गाडीत नेऊन ठेवली.